हिच सोडली की ट्रेलर सरकतो आणि चालत्या गाडीत कप्प्याचं दार उघडतं, दोन्हीचा इलाज

ट्रेलर उभा केला, चॉक म्हणजे चाकाला लावायच्या पाचरी लावल्या, हिच म्हणजे ओढणाऱ्या गाडीची जोडणी सोडली आणि तरी तो दोन बोटं पुढे नाहीतर मागे सरकलाच. किंवा मुक्कामी पोचल्यावर बघावं तर बाहेरच्या एखाद्या कप्प्याचं दार अर्धवट उघडं, आतलं सामान सगळं एका कोपऱ्यात येऊन पडलेलं, कधी एखादी वस्तू वाटेतच गेलेली. आरव्ही ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, असलेल्या बहुतेकांना या दोन तक्रारी कधी ना कधी असतातच आणि लोक त्या दोन वेगळ्या समजून एकीसाठी नवे चॉक आणतात, दुसरीसाठी नवं लॉक बसवतात आणि थोड्या दिवसांनी दोन्ही परत सुरू. मला विचाराल तर दोन्हीचं मूळ एकच आहे, मधे राहिलेली फट. टायर आणि चॉकमध्ये जागा राहिली की ट्रेलर तेवढ्या जागेत वेग घेतो आणि मग चॉकवर भार येण्याऐवजी धक्का बसतो, आणि धक्क्याने चॉक घसरतो. कप्प्यातही तेच, सामान आणि दार यांच्यामध्ये मोकळी जागा असली की ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर सामान तेवढं धावतं आणि दारावर आदळतं, आणि लॉकची ती छोटीशी जीभ फक्त दार मिटून धरण्यासाठी केलेली असते, वीस किलोचा डबा थोपवण्यासाठी नाही.

आधी ट्रेलर सरकण्याचं बघू, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बहुतेक ट्रेलरना पार्किंग ब्रेक नसतोच. इलेक्ट्रिक ब्रेक असले तरी त्यांना करंट ओढणाऱ्या गाडीकडून मिळतो, प्लग काढला की ते ब्रेक सुटले. मग काही लोक ब्रेकअवे स्विचची पिन ओढून ठेवतात की तेवढ्यापुरते ब्रेक लागून राहतील, हे अजिबात करू नका, तो स्विच, चालताना ट्रेलर गाडीपासून सुटला तर ट्रेलर थांबावा म्हणून आहे, उभ्या ट्रेलरला ती पिन ओढून ठेवली तर बॅटरी उतरत जाते, ब्रेकची मॅग्नेटं तापून खराब होतात आणि बॅटरी संपली की ब्रेक सुटतातच, म्हणजे नेमकं रात्री सगळे झोपलेले असताना. युरोपियन पद्धतीच्या कॅराव्हॅनना हातब्रेक असतो पण त्यातही एक खोच आहे, रिव्हर्स घेताना ब्रेक लागू नयेत अशी सोय त्या ड्रममध्ये केलेली असते, त्यामुळे मागच्या बाजूला उतार असेल तर हातब्रेक ओढल्यावरही ट्रेलर थोडा मागे जाऊन मगच ब्रेक पकडतो. म्हणून लिव्हर पूर्ण वर ओढायचा आणि चॉक लावायचेच. थोडक्यात हिच सुटल्यावर ट्रेलर धरून ठेवण्याचा सगळा भार चॉकवर आहे.

किती भार ते पण बघा. तीन टनाचा ट्रेलर ५ टक्के उतारावर असेल तर त्याला खाली ओढणारा जोर साधारण दीडशे किलो भरतो. आणि ५ टक्के उतार डोळ्याला उतार वाटतच नाही, शंभर मीटरला पाच मीटर. २ टक्के म्हटलं तरी साठ किलो. हे दीडशे किलो चॉक आरामात पेलतो, पण टायरला चिकटून बसलेला असेल तरच.

चॉक कोणता घ्यायचा

सगळ्यात जास्त चूक उंचीत होते. दुकानात मिळणारे छोटे त्रिकोणी प्लॅस्टिकचे चॉक बघायला बरे असतात, ट्रेलरच्या टायरपुढे ठेवले की खेळणं वाटतात. मोजमाप सोपं आहे, चॉकची उंची टायरच्या पूर्ण व्यासाच्या निदान पाव तरी हवी. म्हणजे एसटी २०५/७५ आर १४ टायर असेल तर त्याचा व्यास ६६ सेंटिमीटरच्या आसपास, चॉक साडेसोळा सेंटिमीटर उंच हवा. एसटी २२५/७५ आर १५ ला व्यास ७२, चॉक १८. मोठ्या ट्रेलरचा एसटी २३५/८० आर १६ असेल तर व्यास ७८ आणि चॉक जवळपास २० सेंटिमीटर. टायरच्या कडेवरचा नंबर वाचता येत नसेल तर सरळ टेप धरून जमिनीपासून टायरच्या डोक्यापर्यंत मोजा आणि चाराने भागा. रुंदीही टायरच्या रुंदीएवढी असेल तर उत्तम, अरुंद चॉक टायरखाली तिरका होतो आणि तिरका झालेला चॉक एका कोपऱ्यावर उभा राहतो. टायरकडची बाजू सपाट उतारासारखी असण्यापेक्षा गोलाईची असलेली बरी, टायर त्यात बसतो, जास्त रबर टेकतं.

मग मटेरियल. मी स्वतः भरीव रबराचे वापरतो आणि कोणी विचारलं तर तेच सांगतो. जड असतात, काळे होतात, हात काळे करतात, कप्प्यात जागा खातात, हे सगळं खरं, पण डांबरावर आणि काँक्रीटवर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशाला नाही आणि पोकळ प्लॅस्टिकचा ओल्या डांबरावर सरकण्याचा जो त्रास आहे तो यांना फार कमी. प्लॅस्टिकचा घ्यायचाच असेल तर खाली रबराचा थर असलेला किंवा तळाला खोल दाते असलेला घ्या आणि वर्षातून एकदा उन्हात धरून नीट बघा, कोपऱ्यांवर पांढरट रेघा दिसायला लागल्या की उन्हाने प्लॅस्टिक कडक झालंय आणि एके दिवशी ते तडकणार, तो चॉक टाकून द्या. ॲल्युमिनियमचे हलके आणि मजबूत असतात, दाते असलेले खडीवर आणि कडक मातीवर छान रुततात, गुळगुळीत काँक्रीटवर मात्र घसरतात. बर्फावर रबराचाही भरवसा नाही, तिथे धातूचे टोकदार दाते असलेलाच हवा. लाकडाची पाचर अडल्यावेळी चालते, कडक लाकडाची आणि मोठी असेल तर, पण पावसात भिजली की निसरडी होते आणि वेळ जाईल तशी चिरते. दगड नको. गोल दगड टायरसोबत गडगडतो आणि धारदार दगड टायरच्या कडेला जखम करतो.

पाकिटावर लिहिलेली क्षमता वाचताना ती एका चॉकची आहे की जोडीची ते बघून घ्या, बऱ्याचदा आकडा मोठा छापलेला असतो आणि खाली बारीक अक्षरात जोडी लिहिलेलं असतं. आणि चॉकला दोरी ओवायला भोक असलेलं घ्या, याचा उपयोग पुढे सांगतो.

चॉक चांगला आहे तरी सरकतो, मग काय

इथे बहुतेकांचं उत्तर लावण्याच्या पद्धतीत सापडतं. नेहमीची पद्धत काय, गाडी थांबवली, खाली उतरून चॉक चाकाजवळ ठेवला, पायाने ढकलला आणि जॅक फिरवायला लागलो. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाचा जोडणीचा भाग, गाडीच्या बॉलवरून उचलला जातो तो क्षण एकदा खाली बसून चाकाकडे बघा. वजन हिचवरून सुटतं, ट्रेलर हलकासा श्वास सोडल्यासारखा हलतो, आणि टायर चॉकच्या दिशेने गडगडत जाऊन त्याच्यावर टेकतो. ही जी बोटभर जागा दिसते ना, तीच सगळा घोळ करते. खाली खडी असेल तर त्या टेकण्यात चॉक खडीसकट सरकताना स्पष्ट दिसतो.

म्हणून ट्रेलर चॉकवर आधी टेकवून घ्यायचा, हिच जोडलेली असतानाच. उताराच्या बाजूचे चॉक दोन्ही बाजूच्या चाकांना लावा, मग ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक हळूच सैल करून ट्रेलरला त्या चॉकवर बसू द्या, बसला की गाडीचा हातब्रेक ओढा, आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूचे चॉक पायाने दाबून घट्ट बसवा. आता कपलर उचला, काही हलणार नाही. शिवाय बॉलवरचा ताण गेल्यामुळे कपलरही सहज सुटतो, ज्यांचा कपलर अडकतो त्यांनी हे जरूर करून बघा.

चॉक एकाच बाजूच्या चाकांना लावून सोडू नका. एक बाजू धरलेली आणि दुसरी मोकळी असली की ट्रेलर धरलेल्या चाकाभोवती फिरतो आणि पुढचा जॅकचा पाय जागेवरून घसरतो, आणि जॅक घसरला की पुढचं टोक खाली येतं. दोन एक्सल असतील तर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे, दोन्ही बाजूंना, म्हणजे चार चॉक. जमीन सपाट दिसते म्हणून दोनच लावणारे खूप आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आत माणसं चालतात, वारा ढकलतो, पावसाने माती बसते, संध्याकाळी सपाट असलेलं सकाळी तसंच असेल असं नाही.

आता एक अशी गोष्ट जी फार कमी लोक बघतात. लेव्हल करायला खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ब्लॉक किंवा रॅम्प घातले की टायर जमिनीपासून पाच-दहा सेंटिमीटर वर जातो, आणि चॉक मात्र जमिनीवर ठेवलेला असतो. म्हणजे अठरा सेंटिमीटरचा चॉक टायरच्या हिशोबाने आठ ते तेराच उरला, आणि तो टायरला टेकतो तेही फक्त वरच्या टोकाला. ब्लॉक वापरत असाल तर चॉक त्याच ब्लॉकच्या पातळीवर ठेवता येईल एवढी ब्लॉकची लांबी ठेवा, नाहीतर रॅम्पसोबत त्याच्या मापाचा चॉक येतो तो वापरा, आणि दुसऱ्या बाजूची जी चाकं थेट जमिनीवर आहेत त्यांचे चॉक जास्त काळजीने बसवा कारण खरी पकड तिथेच आहे. क्रम पण असा, आधी आडवी लेव्हल ब्लॉकने, मग चॉक, मग हिच सोडणं, मग पुढे-मागे लेव्हल जॅकने आणि सगळ्यात शेवटी स्टॅबिलायझर, म्हणजे कोपऱ्यांखालचे आधाराचे पाय. हा क्रम उलटा केला की कुठेतरी परत सगळं काढावं लागतं.

मऊ मातीत किंवा वाळूत चॉक रुतून खाली जातो किंवा नांगरासारखा माती ढकलत पुढे जातो. तिथे एक लांब फळी टाका जिच्यावर चाकही उभं राहील आणि चॉकही. खडी असेल तर चॉकच्या जागेवरची सुटी खडी पायाने बाजूला सारून खाली कडक जमिनीवर चॉक बसवा. ओल्या गवतावरून उचललेल्या चॉकच्या तळाला चिखल बसलेला असतो, तो पुढच्या मुक्कामी न धुता लावला तर चॉक चिखलावर घसरतो, रबराचा असला तरी.

आत चाललं की ट्रेलर हलतो

ही सरकण्याची तक्रार नाही, पण लोक चॉक बदलून ती सोडवायला जातात म्हणून लिहितो. जमिनीवरचा चॉक टायरला गडगडू देत नाही, पण टायरची कड लवचिक असते, आणि दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये स्प्रिंगच्या मधला इक्वलायझर, म्हणजे दोन स्प्रिंग जोडणारा तुकडा, हलतो तसं दोन टायरांमधलं अंतर थोडं कमी-जास्त होतं. त्यासाठी एक्स-चॉक, जो दोन टायरांच्या मधे घालून नट फिरवून पसरवतात. फरक चांगलाच जाणवतो. घेण्याआधी दोन टायरांमधली सगळ्यात कमी जागा मोजा, काही ट्रेलरमध्ये दोन एक्सल एकमेकांपासून लांब असतात आणि साधा एक्स-चॉक तिथे पोचतच नाही. एक एक्सल असेल तर याचा उपयोग नाही, मग स्टॅबिलायझरवरच भागवावं लागतं.

घट्ट करताना टायर दबलेला दिसेपर्यंत नट पिळू नका, हाताने टेकला की थोडंसं अजून, बस. आणि चालवून आल्या आल्या टायर गरम असताना लावला तर थंड झाल्यावर तो सैल पडतो, म्हणून रात्री झोपण्याआधी एकदा परत पाना फिरवा. उलट थंड पहाटे आवळून दुपारी कडक ऊन आलं तर तो जास्तच आवळला जातो. महत्त्वाचं म्हणजे एक्स-चॉक हा जमिनीवरच्या चॉकची जागा घेत नाही, दोन्ही लागतात. आणि निघताना तो काढायचा राहिला तर टायरची वाट लागते. यासाठी ती दोरी, सगळे चॉक एका भडक रंगाच्या दोरीत ओवलेले ठेवा आणि दोरीचं एक टोक ट्रेलरच्या पुढच्या जॅकच्या हँडलला बांधा, हँडलला हात लागल्याशिवाय कोणी निघूच शकत नाही.

निघताना चॉक अडकला असेल तर हातोडीने बाजूने ठोकत बसू नका आणि टायरच्या खाली हात तर अजिबात घालू नका. हिच पूर्ण जोडा, कपलर लॉक, पिन, साखळ्या, प्लग, आणि जॅकने पुढचं टोक थोडं वर उचलून गाडीचा मागचा भाग सोबत उचलला जातो का ते बघा म्हणजे कपलरने बॉल खरंच पकडलाय हे कळतं. मग गाडी चढाच्या दिशेने अगदी थोडी घ्या, चॉक मोकळा होतो, दोरीने ओढून घ्या.

कप्प्याचं दार वाटेत उघडतं

आता कप्पे. इथे लॉक बदलण्याआधी नेमकं काय होतंय ते शोधा. दार उघडलेलं सापडलं तेव्हा लॉक कुलूप लागलेल्या स्थितीत होतं की सुटलेल्या? लॉकच्या तोंडावर आणि चौकटीवर मिळून मार्करने एक रेघ मारा, पोचल्यावर रेघ जुळलेली नसेल तर लॉक कंपनाने फिरतंय. रेघ जुळतेय आणि दार तरी उघडं, म्हणजे जीभ चौकटीला पकडतच नाही किंवा आतून सामानाने ढकललं.

जीभ कुठे टेकते हे ती स्वतःच सांगते. दार उघडा, टॉर्च मारा आणि लॉकच्या मागच्या पट्टीकडे निरखून बघा, जिथे ती चौकटीवर घासते तिथे पत्रा चकचकीत झालेला असतो. हा चकचकीत पट्टा टोकावर नखाएवढाच असेल तर ती जीभ नावापुरती अडकली आहे, एका खड्ड्यात दार जरा बाहेर आलं की सुटणार. निदान सेंटिमीटरभर तरी पकड दिसायला हवी. पट्टा तिरका असेल, एका कडेलाच, तर जीभ वाकली आहे, बहुतेक वेळा भरलेल्या कप्प्याचं दार जोर लावून बंद केल्यामुळे. वाकलेली जीभ सरळ करत बसू नका, तो पत्रा एकदा वाकला की परत वाकतो, बदलून टाका, लांब किंवा वळणाची जीभ वेगळी मिळते. मागचा स्क्रू किंवा नट सैल असेल तर काढून, आटे पुसून, निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, एक थेंब लावून परत आवळा. निळंच, लाल नको, लाल लावलं तर पुढच्या वेळी तो स्क्रू तापवल्याशिवाय निघणार नाही.

ढकलून बंद होणारे जे लॅच असतात त्यांच्यात धूळ जाऊन स्प्रिंग आळसावते, जीभ बाहेर येते पण अर्धीच. बोटाने दाबून सोडली की टक्कन परत यायला हवी. हळूहळू येत असेल तर साफ करून कोरडं वंगण मारा, ग्रॅफाइट किंवा पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन, तेल मारू नका कारण तेलाला धूळ चिकटते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

एक तक्रार नेहमी येते, घरी दार व्यवस्थित लागतं आणि मुक्कामी लागत नाही, किंवा उलट. याचं कारण लॉक नसतंच. स्टॅबिलायझर जास्त आवळून ट्रेलरचा कोपरा उचलला गेला की चौकट पिळली जाते आणि कप्प्याचं चौकोनी तोंड किंचित तिरकं होतं. टेप घेऊन तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, स्टॅबिलायझर खाली असताना आणि वर असताना. आकडे बदलत असतील तर स्टॅबिलायझर ढिले करा, ते ट्रेलर हलू नये म्हणून आहेत, उचलण्यासाठी नाहीत. दोन्ही कर्ण एकमेकांपेक्षा वेगळे पण स्टॅबिलायझरने बदलत नाहीत, तर चौकट आधीपासून तिरकी आहे, मग बिजागरीखाली वॉशर घालून दार जुळवून घ्यावं लागेल.

दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. बाजूला उघडणाऱ्या दाराची बिजागरी प्रवासाच्या दिशेने पुढच्या बाजूला असेल तर वारा दार मिटवतो. बिजागरी मागे असेल तर लॅच जरा सुटलं की वारा दार पूर्ण फाकवतो आणि कधी उपटूनही नेतो. अशा दाराला एकाऐवजी दोन लॅच लावा, यात काटकसर करू नका.

सामान दारावर येऊ देऊ नका

हे सगळं केलं तरी आत सामान मोकळं असेल तर काही उपयोग नाही. आणि सगळ्यात त्रासदायक सामान कोणतं, तर हेच चॉक. रबराचा जड चॉक शेवटी उचलला जातो, ओला, घाईत, आणि दार उघडून तसाच आत टाकला जातो, दाराच्या अगदी मागे. प्रत्येक वळणावर तो आतून लॅचवर आपटतो. चॉकसाठी दाराजवळच पण कप्प्याच्या तळाला स्क्रू केलेली एक उथळ पेटी ठेवा, तळाला भोकं, म्हणजे पाणी गळून जातं आणि चॉक उडी मारत नाही. जॅक, ब्लॉक, पाण्याचा पाइप, सगळ्याला हाच नियम.

मोठ्या कप्प्यात प्लायवूडच्या फळ्यांनी आडवे-उभे भाग पाडा म्हणजे डबे एकमेकांना धरून राहतात. दारापासून थोडं आत एक आडवी फळी किंवा पट्टा असा हवा की सामान त्याच्यावर येईल, दारावर नाही. पट्टा बांधायला कड्या बसवताना तळाच्या पातळ पत्र्यात किंवा पातळ प्लायमध्ये स्क्रू मारू नका, खालचा आडवा बार शोधा किंवा खालून जाड पट्टी आणि बोल्ट घाला. बंजी म्हणजे रबरी दोऱ्या गाद्या-खुर्च्यांसाठी ठीक, जड वस्तूला नको, त्या ताणल्या जातात आणि ताणल्या की परत फट तयार. जड वस्तूला बकल असलेला न ताणणारा पट्टा. पट्ट्यावर लिहिलेली तुटण्याची मर्यादा आणि वापरायची मर्यादा वेगळी असते, वापरायची साधारण तिसरा हिस्सा धरतात.

कुठला कप्पा किती भरायचा यालाही महत्त्व आहे. पुढच्या आरपार कप्प्यातलं वजन हिचवर जातं, मागच्या कप्प्यातलं वजन हिचवरचं वजन कमी करतं. साध्या ट्रेलरला हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, तीन टनाला तीनशे ते साडेचारशे किलो. मागे जास्त भरलं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि ते फार घातक आहे. जड सामान खाली आणि एक्सलच्या जवळ. गॅस सिलिंडर सामानाच्या बंद कप्प्यात कधीच नाही, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जी जाळी असते तिच्यासमोर सामान लावू नका. पेट्रोलचा डबाही बंद कप्प्यात नको.

आतल्या कपाटांचं थोडक्यात, लोहचुंबकावर किंवा रोलरवर बंद होणारी दारं खड्ड्यात उघडतात, त्यांच्या जागी बटण दाबल्याशिवाय न उघडणारे लॅच लावा. फ्रिजच्या दाराची प्रवासाची पिन लावायची विसरू नका.

पाणी आणि धूळ येते

दाराच्या रबरामध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाहीये. असं सगळ्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर करा. रबर चपटं झालं असेल तर बदला, नवं चिकटवताना ताणून लावू नका, ते नंतर आखडतं आणि कोपऱ्यात उघडं पडतं, आणि जोड खालच्या कडेला ठेवा. नवं रबर फार जाड घेतलं तर दार बाहेर राहतं आणि जीभ परत पोचत नाही, म्हणजे गळती थांबवता थांबवता दार उघडण्याचा त्रास ओढवून घेतला, त्यामुळे जुन्या रबराचा न दबलेला तुकडा असेल तर त्याच्याशी जाडी मिळवून घ्या.

कागदाची परीक्षा पास आणि तरी पाणी, तर दोष बहुतेक दाराच्या चौकटीच्या बाहेरच्या सीलचा किंवा वरच्या एखाद्या दिव्याचा. पाइपने कमी दाबाचं पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्या, आत एक जण टॉर्च घेऊन बसू दे. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. चौकटीला खाली पाणी जायची बारीक भोकं असतात, ती कोणीतरी सीलंट भरून बुजवलेली असतात असं खूप वेळा दिसतं, ती मोकळी करा. चौकट काढून बसवायची वेळ आली तर मागे ब्युटाइल टेप म्हणजे चिकट रबरी पट्टी लावा, सिलिकॉन नको, सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर दुसरं काही चिकटत नाही. धूळ मात्र बऱ्याचदा दारातून येत नाही, खालून वायर आणि पाइप जिथून आत जातात त्या भोकांतून येते, ती फोमने बंद करा.

राहता राहिली चोरी. तुमच्या कप्प्याच्या चावीवर सीएच७५१ असं कोरलेलं आहे का बघा, असेल तर तीच चावी असंख्य ट्रेलरच्या कप्प्यांना लागते. लॉक बदलणं सोपं आहे, पण आधी जुनं काढून तीन मापं घ्या, लॉकच्या सिलिंडरची (चावी जाते त्या नळीची) लांबी, जिभेची लांबी आणि जीभ किती वाकलेली आहे ते, आणि लॉक पाव वळणात लागतं की अर्ध्या तेही. सिलिंडर लांब आला तर जीभ सैल राहते, आखूड आला तर दार लागतच नाही. सगळ्या दारांना एकाच चावीचा सेट घ्या आणि एक जास्तीची चावी ओढणाऱ्या गाडीत ठेवा, ट्रेलरमध्ये नाही. निघण्याआधी प्रत्येक दार नुसतं बघू नका, हाताने ओढून बघा, आणि वाटेतल्या पहिल्या थांब्यावर परत एकदा.